योगायोगाचा ताळेबंद

अमुक घडले की तमुक घडते, अशी वाक्ये आपल्या बाजारात जितकी ऐकू येतात तितकी अन्यत्र क्वचितच येत असतील. अमावास्येला केलेला सौदा लाभत नाही. दिवाळीच्या मुहूर्ताला जो भाव निघाला त्याच दिशेने वर्षभर बाजार चालतो. मंगळ वक्री झाला की हरभरा तापतो. अमक्या गृहस्थाचे पाऊल पेढीला लागले की माल अडकून पडतो. छावणीची धान्य मंडी असो, सियागंज असो, की आमच्या तुकोगंजातील सायंकाळच्या बैठका असोत, यांपैकी एखादे वाक्य कानी पडल्यावाचून आठवडा जात नाही. कित्येक पंचांगांत तेजी-मंदीचे भविष्यच छापलेले असते, आणि ते वाचणाऱ्यांत चांगले शिकलेले गृहस्थही असतात.

या समजुतींची टवाळी करण्याचा आमचा हेतू नाही. दोन गोष्टींतील संबंध ओळखता येणे हाच तर व्यापाऱ्याचा मुख्य गुण होय. पाऊस लांबला की माळव्यात सोयाबीनची पेरणी लांबते, पेरणी लांबली की नव्या मालाची आवक लांबते, आणि आवक लांबली की जुन्या मालाला भाव येतो. हा संबंध ज्याच्या ध्यानी येत नाही त्याने धान्याच्या धंद्यात पडू नये. प्रश्न एवढाच की, जे संबंध आपणांस दिसतात त्यांतील खरे कोणते आणि नुसते भासणारे कोणते, हे ओळखावे कसे? विद्वान लोक भासणाऱ्या संबंधाला ‘आभासी सहसंबंध’ म्हणतात, आणि जो केवळ योगायोगाने घडला असण्याची शक्यता फार थोडी आहे त्याला ‘संख्याशास्त्रीय दृष्ट्या सार्थ’ म्हणतात. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. तथापि या दोन शब्दांमागचा विचार वही लिहिणाऱ्या माणसाला अवघड वाटण्याचे काहीच कारण नाही, असे आमचे मत आहे.

एक कल्पित उदाहरण घेऊ. हरभऱ्याच्या एका व्यापाऱ्याला कोणी तेजीचा एक संकेत सांगितला. त्याने बाजाराचे १०० दिवस पाहिले. त्यांपैकी ६० दिवशी तो संकेत आला होता, आणि त्या ६० पैकी ३६ दिवशी भाव खरोखरच चढला. छत्तीस वेळा खरे ठरले, हे थोडे नव्हे! गृहस्थ ज्याला त्याला सांगत सुटतात. परंतु ही नोंद चार घरांपैकी एका घराची झाली. संकेत आला आणि भाव चढला नाही असे दिवस २४. संकेत आला नाही तरीही भाव चढला असे दिवसही २४. आणि संकेत नाही, चढही नाही, असे दिवस १६. आता हिशेब मांडा. संकेत असताना ६० पैकी ३६, म्हणजे शेकडा ६०. संकेत नसताना ४० पैकी २४, म्हणजे तेही शेकडा ६०! संकेताचा भावाशी काडीचाही संबंध नाही. बाजार एकूणच चढता होता आणि संकेत वारंवार येत होता, एवढेच खरे.

पहिल्या घरातील गोष्टी मनात ठसतात आणि बाकी तीन घरांतील विरून जातात, हा मनुष्यस्वभाव आहे. अमावास्येला सौदा केला आणि नुकसान झाले, की दहा वर्षे ते आठवते. अमावास्येला सौदा केला आणि काहीच झाले नाही, हे कोणाला आठवणार? आणि एकादशीच्या सौद्यात जे नुकसान झाले ते एकादशीच्या नावावर कोणी लिहीत नाही. जो मुनीम केवळ जमेची बाजू लिहील आणि नावेची कोरी ठेवील त्याला आपण दुसऱ्या दिवशी घरी बसवू. परंतु आपली स्मृती नेमके हेच करीत असते आणि तिला मात्र आपण ‘अनुभव’ हे भारदस्त नाव देतो.

हा दोष अडाणी माणसाचाच आहे असे कोणी समजू नये. ‘आभासी सहसंबंध’ हा शब्दप्रयोग लॉरेन चॅपमन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९६७ साली रूढ केला. त्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी पुढे दाखवून दिले की, मनोरुग्णांच्या चित्रांवरून निदान करणारे शिकलेसवरलेले तज्ज्ञही नसलेले संबंध पाहत होते, कारण ते संबंध असावेत अशी त्यांची आधीच धारणा होती. आपल्या घरातील वडीलधारी मंडळी म्हणतात की, आभाळ आले की गुडघे दुखतात. रेडेलमायर व ट्वर्स्की या दोन संशोधकांनी १९९६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात संधिवाताच्या १८ रुग्णांच्या वेदना आणि हवामान यांची पंधरा महिने नोंद ठेवलेली होती. रुग्णांचा विश्वास दृढ होता, पण दोन्ही नोंदी ताडून पाहता संबंध जवळजवळ शून्य निघाला. आमच्या घरी हे सांगितले तेव्हा ते कोणी मानले नाही, हेही येथे नमूद करतो.

आता दुसरा भाग. समजा चारही घरे प्रामाणिकपणे भरली आणि फरक दिसलाच, तरी तो योगायोगाने पडला नाही कशावरून? यासाठी नाणे घ्यावे. ४० वेळा उडविले तर छाप सरासरीने २० वेळा पडेल, पण नेमका २० वेळाच पडेल असे नाही. एखाद्याला १७ येतील, एखाद्याला २३. पुष्कळ लोकांना नाणे उडवावयास बसविले तर दर सात-आठ जणांत एखाद्याला २४ किंवा त्याहून अधिक छाप मिळतील, आणि ते त्याचे कौशल्य नव्हे. २८ किंवा अधिक मात्र हजारात आठ-नऊ जणांनाच मिळतील. म्हणून कोणी ‘आमचे ४० पैकी २४ अंदाज बरोबर आले’ असे सांगेल तर आपण मान डोलवावी आणि चहा पाजावा. कोणी २८ दाखवील तर मात्र कान टवकारावेत.

हे आकडे आम्ही मनाने घेतलेले नाहीत. याच मापाने मोजलेला एक प्रयोग पुण्यात झाला आहे, आणि त्याची हकीकत सर्व सभासदांनी वाचण्याजोगी आहे. २००८ साली खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत नारळीकर, संख्याशास्त्राचे प्राध्यापक सुधाकर कुंटे, अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे डॉ. नरेंद्र दाभोलकर, आणि स्वतः ज्योतिषाचा अभ्यास केलेले प्रकाश घाटपांडे या चौघांनी तो योजला. हुशार म्हणून शाळेत नावाजलेल्या १०० मुलांच्या आणि मतिमंद अशा १०० मुलांच्या जन्मवेळा व जन्मस्थाने जमवून २०० कुंडल्या मांडल्या. कोणती कुंडली कोणत्या मुलाची हे गुपित राखले. मग ज्योतिषांना जाहीर आवाहन केले: प्रत्येकाला ४० कुंडल्या पाठवू, त्यांपैकी हुशार मुलाची कोणती आणि मतिमंद मुलाची कोणती एवढेच सांगा. प्रश्न सोपा होता. जन्मकुंडलीवरून बुद्धी कळते असे ज्यांचे म्हणणे, त्यांस याहून ठळक फरक कोणता मिळणार?

५१ ज्योतिषांनी कुंडल्या मागविल्या. उत्तरे २७ जणांनी पाठविली. त्या सर्वांचे मिळून बरोबर उत्तरांचे प्रमाण शेकडा ४६ निघाले, म्हणजे नाणे उडविले असते तर जेवढे आले असते त्याहूनही किंचित कमीच. सर्वांत यशस्वी ठरलेल्या गृहस्थाचे ४० पैकी २४ बरोबर आले. एका संस्थेने सर्व २०० कुंडल्या तपासल्या, तिची १०२ उत्तरे बरोबर आली. हा सर्व वृत्तान्त २००९ साली ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

यात आमचे लक्ष वेधले ते त्या २४ गुणांच्या गृहस्थाने. त्याने आपल्या पेढीवर ‘चाळीसात चोवीस, सर्व महाराष्ट्रात प्रथम’ अशी पाटी लावली असती तर ती अक्षरशः खरी ठरली असती, आणि गिऱ्हाइकांची रीघ लागली असती. परंतु वरचा हिशेब आठवा. २७ माणसांना नुसते नाणे उडवावयास सांगितले असते तरी त्यांतील तीन-चार जणांना २४ किंवा अधिक मिळालेच असते. पहिला कोणीतरी येणारच. शर्यत लावली की कोणीतरी जिंकतो, यावरून जिंकणाऱ्याच्या अंगी काही विद्या होती हे सिद्ध होत नाही.

आमच्या तुकोगंजात सर सेठ हुकुमचंदजींचे इंद्रभवन आहे. त्यांच्या रुईच्या सौद्यांच्या कथा सांगणारी माणसे आजही भेटतात. सेठजींच्या व्यवहारचातुर्याविषयी आम्हांस आदरच आहे. तरीही, त्याच काळात त्याच सट्ट्यात ज्यांनी घरदार घालविले त्यांची भवने पाहावयास मिळत नाहीत, एवढे तेथून जाताना मनात यावे.

आता पावसाकडे वळू, कारण आपल्या धंद्यात पावसाएवढा मोठा भागीदार दुसरा नाही. विक्रम संवत १९५६ चा, म्हणजे १८९९-१९०० चा ‘छप्पनिया’ दुष्काळ आपल्या जुन्या घराण्यांत अजून बोलला जातो. त्यानंतर चार वर्षांनी, १९०४ साली, गिल्बर्ट वॉकर हे केंब्रिजचे गणिती हिंदुस्थानच्या हवामान खात्याचे प्रमुख झाले. पावसाचा अंदाज आधी कसा बांधावा यासाठी त्यांनी जगभरच्या ठिकाणांचा वायुभार, तापमान, नद्यांचे पूर, यांचे आकडे मागवून आपल्या पावसाशी ताडून पाहण्याचे प्रचंड काम हाती घेतले. यंत्रे नव्हती, कारकून हातांनी गुणाकार करीत. यातूनच प्रशांत महासागराच्या दोन टोकांच्या वायुभाराचा हेलकावा उघडकीस आला, ज्याच्याशी निगडित असलेले ‘एल निनो’ हे नाव आज आपल्या मंडीतला हमालही उच्चारतो.

वॉकरसाहेबांची थोरवी आम्हांस आणखी एका गोष्टीत दिसते. १९१४ साली त्यांनीच इशारा दिला की, पुष्कळ संबंध तपासून त्यांतील सर्वांत मोठा निवडला तर तो योगायोगानेही मोठा येऊ शकतो. म्हणून किती तपासले ते मोजल्यावाचून एकाचीही किंमत ठरवू नये. पुढे रोथॅमस्टेड येथील शेतकी केंद्रात काम करणाऱ्या रोनाल्ड फिशर यांनी १९२५ सालच्या ग्रंथात वीसात एक हे माप सोयीचे म्हणून सुचविले. जी गोष्ट निव्वळ योगायोगाने वीसात एकदाच घडेल ती घडली तर तिच्याकडे लक्ष द्यावे, असा त्याचा अर्थ. पण वॉकर यांचा इशारा त्याला जोडून वाचला पाहिजे. वीस निरर्थक संकेत तपासले तर त्यांतील एखादा केवळ योगायोगाने या मापास उतरतोच. मग तोच उचलून आपण सांगत सुटतो आणि बाकीचे एकोणीस गिळून टाकतो.

यानंतर बऱ्याच वर्षांनी, डॉ. वसंत गोवारीकर या आपल्या मराठी वैज्ञानिकाच्या पुढाकाराने हवामान खात्यात सोळा घटकांचे सूत्र तयार झाले. युरेशियातील बर्फ, हिमालयातील बर्फ, एल निनो, थेट अर्जेंटिनाचा वायुभार, अशी सोळा लक्षणे त्यात होती. १९८८ पासून त्याप्रमाणे अंदाज निघू लागले आणि सलग चौदा वर्षे देशभराचा पाऊस सर्वसाधारण किंवा त्याहून अधिक झाला. त्या काळी सर्वत्र या सूत्राचा बोलबाला होता. २००२ साली अंदाज निघाला सरासरीच्या १०१ टक्क्यांचा. जून बरा गेला, आणि जुलैमध्ये आभाळ कोरडे पडले. त्या महिन्यात देशात सरासरीच्या निम्म्याच्या आसपासच पाऊस झाला. हंगाम ८१ टक्क्यांवर आटोपला. अंदाजावर विसंबून ज्यांनी माल मोकळा केला आणि ज्यांनी न विसंबता धरून ठेवला, त्या दोघांच्याही वह्या त्या वर्षी निराळ्या दिसल्या असतील.

यात कोणाला दोष देण्याचा प्रश्न नाही. गोवारीकरांनी सूत्र उघडपणे मांडले, आकडा आधी जाहीर केला, म्हणून तर तो चुकला हे कळले. तेजी-मंदीचे भविष्य कधी चुकत नाही, कारण ते तशा भाषेत लिहिलेलेच नसते. पण व्यापाऱ्याने दोन गोष्टी टिपाव्यात. काही दशकांच्या पावसाला सोळा लक्षणे जुळवीत गेले तर त्यांतील काहींचा संबंध योगायोगाचा असण्याचा धोका मोठा. आणि ज्या चौदा वर्षांत दरवर्षी पाऊस सर्वसाधारण किंवा त्याहून अधिक झाला, त्या चौदा वर्षांत डोळे मिटून दरवर्षी ‘दुष्काळ पडणार नाही’ म्हणणारा मनुष्यही चौदाच्या चौदा वेळा बरोबर ठरला असता. २००३ पासून खात्याने आठ व दहा घटकांची नवी सूत्रे आणली, आणि पुढे तीही बदलली.

मग एल निनोचा संबंधही आभासीच काय? नाही, तो खरा आहे. पण खरा संबंधही चारी घरे भरून पाहावा लागतो. एल निनो आला आणि पाऊस मोडला अशी वर्षे १९७२, १९८७, २००२, २००९, २०१५. एल निनो जबरदस्त असूनही पाऊस १०२ टक्के झाला ते १९९७. एल निनो नसताना पाऊस तुटला ते १९७४. पहिले घर भरलेले आहे म्हणून संबंध खरा, दुसरी घरे रिकामी नाहीत म्हणून तो बेभरवशाचा. वर्तमानपत्रात ‘एल निनो’ वाचून डाळीची कोठारे भरणाऱ्या तरुण मित्रांनी १९९७ हे साल पाठ करून ठेवावे.

नमुन्याविषयी आपल्या धंद्यातल्याच गोष्टीचा येथे उल्लेख करतो. पोत्यात परखी खुपसून जो मूठभर गहू निघतो त्यावर आपण पूर्ण गाडीचा भाव बांधतो. कसलेला खरेदीदार वरच्याच पोत्यांत परखी घालीत नाही. तो मधली, खालची, कोपऱ्यातली पोतीही काढावयास लावतो, आणि कोणती काढावयाची हे विकणाऱ्याला ठरवू देत नाही. सातारा जिल्ह्यातील बुध गावी जन्मलेले डॉ. पां. वा. सुखात्मे यांनी १९४० च्या दशकात पिकाचा अंदाज काढण्याची जी पद्धत देशात रुजविली तिचे मर्म हेच होते. कोणत्या शेतातला कोणता तुकडा कापून तोलावयाचा हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे यदृच्छेने ठरवावे, अधिकाऱ्याच्या नजरेने नव्हे. आपल्या आठवणींना परखी लावताना मात्र आपण वरचीच पोती उघडतो.

आपल्या समाजबांधवांस आणखी एक गोष्ट वाचून संतोष होईल. भारतात संख्याशास्त्राची मुहूर्तमेढ रोवणारे प्रशांतचंद्र महालनोबिस, ज्यांनी १९३१ साली कलकत्त्यास भारतीय सांख्यिकी संस्था स्थापिली, त्यांनी १९५४ साली या शास्त्राच्या पायासंबंधी लिहिलेल्या निबंधात जैनांच्या स्याद्वादाचा व सप्तभंगीचा विचार केला आहे. १९५७ साली जे. बी. एस. हाल्डेन या विख्यात जीवशास्त्रज्ञानेही याच विषयावर लेख लिहिला. यावरून आपल्या आचार्यांस आजचे संख्याशास्त्र अवगत होते असे विधान करण्याचा मोह कोणास झाल्यास तो आवरावा. तसे महालनोबिस म्हणत नाहीत. मात्र ‘स्यात्’ म्हणजे ‘एका अपेक्षेने’ हे पद लावल्यावाचून निश्चयाने बोलू नये, ही शिस्त ज्यांच्या घरी लहानपणापासून कानी पडते त्यांस ‘योगायोगही असू शकेल’ हे वाक्य परके वाटू नये.

हा सगळा खटाटोप आताच का? गेल्या काही वर्षांत आपल्या घरांतील मुले पेढीवर बसून हातातल्या फोनवर शेअरबाजारातील वायद्यांचे सौदे करू लागली आहेत. २०२१ साली गहू, हरभरा, सोयाबीन यांचे वायदे सरकारी आदेशाने थांबले, आणि त्यानंतर ही लाट वाढलेली आम्ही पाहिली. पण पहिल्यामुळे दुसरे झाले असे आम्ही म्हणणार नाही, कारण आमच्याजवळ चारी घरे भरलेली नाहीत. सेबीने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाचा आकडा मात्र पक्का आहे. तीन आर्थिक वर्षांत अशा वायद्यांत उतरलेल्या एक कोटीहून अधिक सामान्य व्यक्तींपैकी शेकडा ९३ जणांस तोटा झाला, आणि एकूण तोटा १ लाख ८० हजार कोटी रुपयांच्या वर गेला. या मुलांना फोनवर ‘टिप’ पाठविणारे असतात, आणि त्या धंद्यात आपल्या इंदूर शहराचे नाव अभिमानाने घेण्यासारखे राहिलेले नाही.

टिप पाठविण्याची एक जुनी युक्ती आहे, ती घरोघरी सांगावी. १,०२४ माणसांची यादी घ्यावी. अर्ध्यांना ‘या आठवड्यात चढेल’ आणि अर्ध्यांना ‘उतरेल’ असे कळवावे. ज्यांना चुकीचे कळविले त्यांना सोडून द्यावे, उरलेल्या ५१२ जणांचे पुन्हा दोन भाग करावेत. पाच आठवड्यांनी ३२ माणसे अशी उरतात की ज्यांना सलग पाच वेळा अचूक भविष्य मिळालेले आहे. सहाव्या आठवड्यात त्यांच्याकडे पैसे मागावे. त्या बत्तिसांपैकी प्रत्येकाच्या दृष्टीने अनुभव अगदी खरा आहे. बाकीच्या ९९२ जणांची त्याला गंधवार्ताही नाही. तेव्हा घरातल्या मुलाने सलग पाच यशांची गोष्ट सांगितली तर त्याला रागावू नये. ‘ही टिप आणखी किती जणांना गेली होती?’ एवढेच विचारावे.

दिवाळीच्या मुहूर्ताविषयी सुरुवातीस लिहिले आहे, त्याचा निकाल लावणे कठीण नाही. ज्यांच्या पेढीवर गेल्या पंचवीस वर्षांच्या भावाच्या वह्या आहेत त्यांनी मुहूर्ताच्या दिवशी भाव चढला की उतरला ते एका रकान्यात, आणि पुढील दिवाळीपर्यंत काय झाले ते दुसऱ्या रकान्यात लिहावे. परंतु भाव बहुतेक वर्षी चढतच आलेले आहेत, त्यामुळे नुसत्या जुळण्या मोजून चालणार नाही. त्याच वह्यांतून दुसरा एखादा साधा दिवस, समजा श्रावणातला दुसरा मंगळवार, आधीच ठरवून घ्यावा आणि त्याच्याही जुळण्या तशाच पुढील वर्षापर्यंत मोजाव्यात. घरातील कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलींकडे हे काम सोपविल्यास दोन सुट्यांत होईल, आणि जुन्या वह्यांवरची धूळही झटकली जाईल. ज्यांच्या जुळण्या भरतील त्यांनी त्या, आणि ज्यांच्या भरणार नाहीत त्यांनीही त्या, पुढील स्मरणिकेसाठी मंडळाच्या कचेरीत आणून द्याव्यात.